एक्मोवरच्या रुग्णाला एकाच वेळी गुठळ्याही आणि रक्तस्रावही? हे आकडे वाचायचे तरी कसे?

अनुजा_के
माझा चुलतभाऊ (वय ३८) फ्लूच्या न्यूमोनियामुळे मुंबईत एक्मोवर आहे. व्हेंटिलेटर पूर्ण लावूनही ऑक्सिजन टिकेना, म्हणून मांडीच्या आणि मानेच्या शिरेत जाड नळ्या घालून मशीन जोडलंय. हृदय ठीक आहे, मशीन फक्त फुप्फुसांसाठी आहे असं सांगितलंय. वहिनी आयसीयूबाहेरच्या बाकावर आणि मी नाशिकहून ये-जा करतेय. डॉक्टर रोज भेटतात, नीट बोलतात, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण त्या थोड्या वेळात इतके आकडे कानावर पडतात की बाहेर आल्यावर वहिनी विचारते, "म्हणजे बरं की वाईट?" आणि मला सांगता येत नाही.

काल जे लिहून घेतलं ते देते. एसीटी १९०, "बरोबर आहे". एपीटीटी ९२ सेकंद, "जास्त आहे". अँटी-टेन-ए ०.२, "कमी आहे". प्लेटलेट ६२ हजार. फायब्रिनोजेन घसरतंय, डी-डायमर चढतोय. नाकातून रक्त येतंय म्हणून कापूस भरलाय. आणि त्याच दमात सांगितलं की मशीनमध्ये गुठळ्या दिसतायत, ऑक्सिजनेटर बदलावा लागेल.

रक्त जास्त पातळ झालंय म्हणून नाकातून येतंय, हे समजू शकते. मग त्याच रक्ताच्या मशीनमध्ये गुठळ्या कशा होतात? आणि तीन चाचण्या तीन वेगळ्या गोष्टी सांगत असतील तर खरं कुठलं धरायचं? उपचार बदलायचे नाहीयेत मला, फक्त समजून घ्यायचंय. इथे या क्षेत्रातली मंडळी आहेत म्हणून विचारते.

टिवल्याबावल्या
अनुजाताई, भावाला लवकर आराम पडो. माझ्यासारख्यांसाठी कोणी आधी सांगेल का की एक्मो म्हणजे नक्की काय? डायलिसिससारखंच काही?

पंपवाला
मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी हार्ट-लंग मशीन आणि आयसीयूत एक्मो चालवणं हेच माझं काम.

शिरेतून काळपट रक्त बाहेर येतं, पंप ते ढकलतो, ऑक्सिजनेटरमध्ये कार्बन डायऑक्साइड निघून ऑक्सिजन मिसळतो आणि लालभडक रक्त परत शरीरात जातं. परत शिरेतच सोडलं तर व्हीव्ही, म्हणजे फुप्फुसांना आधार. धमनीत सोडलं तर व्हीए, म्हणजे हृदयालाही आधार. अनुजाताईंच्या भावाचं व्हीव्ही आहे. मोठ्या माणसात मिनिटाला चारपाच लिटर रक्त फिरतं. डायलिसिस काही तासांत आटोपतं, हे दिवसेंदिवस अखंड चालतं.

आता मुख्य गोष्ट. रक्तवाहिनीला आतून जिवंत पेशींचं अस्तर असतं, त्यावर रक्त गोठत नाही. प्लास्टिकला ते अस्तर नाही. ऑक्सिजनेटरमध्ये केसासारख्या पोकळ तंतूंचे थर असतात, त्यांचं एकूण क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास भरतं. एवढ्या परक्या पृष्ठभागावर रक्त आलं की काही क्षणांत फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते रक्तातलं प्रथिन) चिकटायला लागतं, त्यावर प्लेटलेट बसतात, गोठण्याची साखळी सुरू होते. म्हणून हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, चालू ठेवावं लागतं. कमी पडलं तर मशीन बंद पडायची भीती, जास्त झालं तर माणसाच्या डोक्यात रक्तस्राव व्हायची भीती. म्हणून इतक्या वेळा रक्त तपासतात.

इनामदार काका
हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं ते डिसेंबर २०१६ मध्ये, जयललिता यांना हृदय बंद पडल्यावर चेन्नईत एक्मोवर ठेवलं तेव्हा. मग २०२० मध्ये एस. पी. बालसुब्रमण्यम. दोघंही वाचले नाहीत, त्यामुळे आमच्या पिढीच्या डोक्यात एक्मो म्हणजे शेवटची घरघर असंच बसलंय. अनुजा, तू मात्र तसं मनात आणू नकोस. तुझा भाऊ तरुण आहे आणि त्याचं हृदय धड आहे.

पंपवाले साहेब, एक शंका. दिवसात इतक्या वेळा रक्त काढायची खरंच गरज असते का? बिल लाखांत जातं आणि रुग्णाचं रक्तही कमी होतं.

डॉ. निशिगंध
काका, शंका रास्त आहे. म्हणून बऱ्याच ठिकाणी आता लहान मुलांच्या नळ्या मोठ्यांनाही वापरतात, कमी रक्त लागतं. पण चाचण्या थांबवता येत नाहीत.

अनुजाताई, तुम्ही दिलेल्या आकड्यांवर बोलते. मी क्रिटिकल केअरमध्ये आहे, तुमच्या भावाला पाहिलेलं नाही, तेव्हा हे फक्त समजण्यापुरतं.

एसीटी म्हणजे काचेचे सूक्ष्म कण किंवा केओलिनसारखा पदार्थ घातलेल्या नळीत ताजं रक्त टाकायचं आणि किती सेकंदांत गोठतं ते पाहायचं. १९६६ मध्ये पॉल हॅटर्सली यांनी ती मांडली. बायपास शस्त्रक्रियेत हेपरिनचा डोस प्रचंड असतो, तिथे एसीटी ४८० च्या वर ठेवतात आणि तिथे ही चाचणी उत्तम चालते. एक्मोवर १८० ते २२० पुरतं. पण इतक्या कमी हेपरिनला ती फार ढोबळ आहे. रक्त विरळ झालं, अंग गार पडलं, प्लेटलेट कमी झाल्या, कशानेही हलते.

एपीटीटीही गोठायला लागणारे सेकंदच मोजतो, पण तो लॅबमध्ये प्लाझ्मावर, म्हणजे पेशी काढून उरलेल्या द्रवावर करतात. साधारण ६० ते ८० सेकंद किंवा मूळच्या दीड ते अडीच पट ठेवायचा रिवाज आहे. पण हेपरिन सोडून रक्तातले गोठवणारे घटकच कमी झाले तरी तो वाढतो.

अँटी-टेन-ए मात्र फक्त हेपरिनचा परिणाम मोजतं. नेहमीचं लक्ष्य ०.३ ते ०.७.

आता तिन्ही शेजारी ठेवा. हेपरिन कमी आहे (०.२) आणि तरी एपीटीटी लांबलाय (९२). म्हणजे तो हेपरिनने लांबलेला नाही. गोठवणारं सामान संपत चाललंय. फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट उतरतायत, आणि डी-डायमर, म्हणजे गुठळ्या विरघळताना सुटणारे तुकडे, चढतोय, त्याला हे जुळतं. कोणता आकडा खरा असं नाही हो, तिन्ही खरे आहेत, तिन्हींचे प्रश्न वेगळे आहेत.

पंपवाला
डॉक्टर, एसीटीबद्दल पूर्ण सहमत नाही. रात्री तीन वाजता बेडपाशी दोन-तीन मिनिटांत उत्तर देणारी दुसरी चाचणी कुठली आहे? एपीटीटी लॅबला जाऊन यायला तासभर लागतो, अँटी-टेन-ए तर कित्येक ठिकाणी रात्री होतच नाही. ज्या जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्ण घ्यायला जाऊन तिथेच मशीन लावून रस्त्याने आणतो, तिथे रुग्णवाहिकेत माझ्याकडे एसीटीच असतं.

डॉ. निशिगंध
रुग्णवाहिकेत मान्य. आयसीयूत मात्र निव्वळ एसीटीवर दर तासाला हेपरिन खाली-वर करत बसलं तर रुग्ण हेलकावे खातो. हेपरिनचा अर्धा परिणाम ओसरायला तास-दीड तास लागतो, मागच्या बदलाचा परिणाम दिसायच्या आत पुढचा बदल करून उपयोग काय?

पंपवाला
हे पटलं. एसीटी धोक्याची घंटा म्हणून, डोस ठरवायला नाही. एवढ्यावर तह.

लॅबवाली माई
रक्तविकार लॅबमध्ये आयुष्य गेलं माझं, म्हणून राहवत नाही. डॉक्टर आकड्यांवर भांडतात तेव्हा मी आधी नळी बघते.

निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. खुणेपर्यंत रक्त भरलं पाहिजे. अर्धवट भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि एपीटीटी उगाच लांबतो. दुसरं, ज्या लाइनमध्ये हेपरिनचं पाणी सोडलेलं असतं तिथूनच नमुना घेतला आणि सुरुवातीचं रक्त बाजूला काढलं नाही, तर एपीटीटी दोनशेच्या वर जातो आणि सगळे धावतात. तिसरं, नळी नीट उलटसुलट हलवली नाही की आत बारीकशी गुठळी होते आणि फायब्रिनोजेन खोटं कमी येतं. मी काडी घालून गुठळी शोधते, सापडली तर नमुना परत पाठवते, कोणी कितीही ओरडलं तरी.

अँटी-टेन-एचं आणखी एक आहे. ती चाचणी रंगावर चालते. रुग्णाला कावीळ असेल, पंपात लाल पेशी फुटून प्लाझ्मा गुलाबी झाला असेल किंवा रक्तात चरबी जास्त असेल, तर आकडा खराहून कमी येतो. म्हणून ०.२ दिसलं की प्लाझ्माचा रंग कसा होता ते आधी विचारायचं. गुलाबी प्लाझ्मावरचं ०.२ बघून हेपरिन वाढवलं तर अनर्थ होईल.

टिवल्याबावल्या
माई, तुमच्यासारखी माणसं लॅबमध्ये बसलीत म्हणून आम्ही निवांत झोपतो. __/\__

माळरान
सोलापूर जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. एक्मो मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. पण अनुजाताईंचा मूळ प्रश्न, गुठळ्या आणि रक्तस्राव एकत्र कसे, हा आमच्याकडे दर पावसाळ्यात समोर येतो. घोणस चावलेला माणूस.

घोणसाच्या विषात असे घटक असतात की ते गोठण्याच्या साखळीतल्या दहाव्या आणि पाचव्या घटकाला थेट चालू करतात. अंगात सगळीकडे बारीक बारीक गोठणं सुरू होतं. फायब्रिनोजेन त्यात खर्ची पडतं. आणि मग काही तासांत हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबत नाही, कारण गोठायला काही उरलेलंच नसतं. आधी जास्त गोठलं म्हणून नंतर गोठत नाही. निशिगंध मॅडम म्हणाल्या तसं "सामान संपलं". मला वाटतं मशीनमध्ये हेच, फक्त सावकाश, होत असावं.

आमची चाचणी अशी. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता उभं ठेवायचं, मग एकदा तिरपं करायचं. वाहिलं तर विष रक्तात आहे, सर्पदंशाची लस सुरू. नळी काचेचीच लागते, कारण काच लागल्यानेच गोठणं सुरू होतं. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही वेळेत गोठत नाही आणि आपण फसतो. साबणाने धुतलेली नळीही चालत नाही. हे नव्या मुलांना शिकवताना मी दरवेळी घसा कोरडा करतो.

डॉ. निशिगंध
माळरान, अगदी नेमकं! एक्मोवर तुमच्या वीस मिनिटांच्या चाचणीचंच घाईचं रूप म्हणजे एसीटी. आणि हो, जुन्या ऑक्सिजनेटरमध्ये आत थर साचला की तो स्वतःच फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट खात राहतो. मशीनमध्ये गुठळ्या, माणसात रक्तस्राव, कारण एकच.

इनामदार काका
एक प्रश्न. काच लागल्यावर रक्त गोठतं आणि प्लास्टिकमध्ये गोठत नाही, तर पंपवाले साहेब म्हणतात प्लास्टिकमुळे गोठतं. कुठलं खरं?

पंपवाला
काका, दोन्ही. काच फार जोरात चेतवते, प्लास्टिक हळू. पण नळीत दोन मिली रक्त वीस मिनिटं असतं, आणि एक्मोत माणसाचं सगळं रक्त त्या पावणेदोन चौरस मीटरवरून पुन्हा पुन्हा, कित्येक दिवस जात राहतं. आता नळ्यांना आतून हेपरिनचा लेप देतात, त्याने फरक पडतो, पण प्रश्न संपत नाही.

जुनी गोष्ट सांगतो. ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनवर पहिली यशस्वी हृदयशस्त्रक्रिया केली. अठरा वर्षांची मुलगी, हृदयाच्या पडद्याला छिद्र. त्या ऑपरेशनमध्येही हेपरिन कमी पडलं आणि ऑक्सिजनेटरवर गुठळ्या जमायला लागल्या होत्या. मुलगी वाचली. आपण सत्तर वर्षांनंतरही तोच प्रश्न सोडवतोय.

सातासमुद्रापार
मूळची सांगलीची, सध्या इंग्लंडमध्ये एक्मो नर्स. आकड्यांवर बरंच झालं, आम्ही डोळ्यांनी काय बघतो ते सांगते.

प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला आणि मध्ये मध्ये खोलीतला दिवा मंद करून टॉर्च ऑक्सिजनेटरच्या कडेला टेकवायचा आणि कोपऱ्याकोपऱ्यात फिरवायचा. काळे, घट्ट ठिपके म्हणजे गुठळी. पांढरे, रेशमासारखे धागे म्हणजे फायब्रिन. रक्त जिथे संथ होतं त्या कोपऱ्यात आणि जोडणीच्या जागी ते आधी दिसतात. कागदावर ऑक्सिजनेटरचा आराखडा काढलेला असतो, त्यावर खूण करायची, म्हणजे पुढच्या पाळीतल्या मुलीला कळतं की ठिपका कालचाच आहे की वाढलाय. रक्त आत शिरतं त्या बाजूचे छोटे ठिपके आम्ही सहन करतो. रक्त बाहेर पडून माणसाकडे जातं त्या बाजूला दिसलं की लगेच फोन.

शिवाय ऑक्सिजनेटरच्या आधीचा आणि नंतरचा दाब. रक्तप्रवाह तेवढाच असताना दोघांतला फरक वाढत चालला तर आत अडथळा आहे. आणि ऑक्सिजनेटरमधून बाहेर पडणाऱ्या रक्तातला ऑक्सिजन. तो उतरला तर काम संपत आलं.

आणि रुग्ण. दर तासाला पापण्या उघडून बाहुल्या बघायच्या. एक मोठी, एक लहान दिसली तर मेंदूत रक्तस्रावाची शंका, बाकी सगळं सोडून सीटी स्कॅन. गुंगीतला माणूस डोकं दुखतंय सांगू शकत नाही.

टिवल्याबावल्या
थोडं अवांतर: हेपरिनला पर्याय नाही का? आजोबा जळवा लावायचे, जळू चावल्यावर रक्त बराच वेळ थांबत नसे. त्यातलं काही?

डॉ. निशिगंध
अवांतर अजिबात नाही! जळूच्या लाळेत हिरुडिन असतं, त्याच्या धर्तीवर बायव्हॅलिरुडिन नावाचं औषध बनवलं आहे आणि ते एक्मोत वापरतात. त्याचा अर्धा परिणाम साधारण २५ मिनिटांत ओसरतो आणि त्याला अँटीथ्रॉम्बिन, म्हणजे गोठणं रोखणारा रक्तातलाच घटक, लागत नाही. हेपरिनचं तसं नाही, ते स्वतः काही करत नाही, रक्तातल्या अँटीथ्रॉम्बिनला जोर देतं. ते कमी असेल, जसं तान्ह्या बाळात असतं, तर हेपरिन कितीही घाला, लागू पडत नाही. अडचण ही की हेपरिनला प्रोटामिनचा उतारा आहे, बायव्हॅलिरुडिनला नाही. आणि रक्त जिथे थांबून राहतं तिथे ते तिथल्या तिथे विघटित होतं आणि गुठळी होते.

टिवल्याबावल्या
आजोबांना कळलं असतं तर जळवांच्या बरणीला कुलूप लावून बसले असते :)

सातासमुद्रापार
यावरून आठवलं. अनुजाताई, हेपरिन सुरू केल्यावर पाच ते दहा दिवसांत प्लेटलेट अर्ध्यावर आल्या तर एक वेगळी शंका घेतात. शरीर हेपरिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, प्लेटलेट कमी होतात आणि तरी गुठळ्या वाढतात. मग हेपरिन पूर्ण बंद, लाइन धुवायच्या पाण्यातलंसुद्धा, आणि बायव्हॅलिरुडिन किंवा अर्गाट्रोबन. तुमच्या भावाला हेच आहे असं म्हणत नाही, प्लेटलेट कमी व्हायची इतर कारणं एक्मोवर खूप असतात. पण त्याची चाचणी झाली का, एवढं विचारायला हरकत नाही.

इनामदार काका
हेपरिन मिळतं कुठून, कारखान्यात बनवतात?

लॅबवाली माई
काका, ते डुकराच्या आतड्याच्या आतल्या अस्तरातून काढतात. शोध १९१६ चा, जॉन्स हॉपकिन्सला जे मॅकलीन नावाचा विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता आणि उलटाच हाती लागला. २००८ मध्ये चीनमधून आलेल्या कच्च्या मालात भेसळ सापडली तेव्हा जगभर गोंधळ उडाला होता. कोणाला धर्माच्या दृष्टीने अडचण असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं. जिवाचा प्रश्न असताना बहुतेक घरं मोकळेपणाने मान्य करतात, असा माझा अनुभव.

रानजाई
हा धागा वाचायचा नाही असं ठरवूनही वाचला. माझे मोठे दीर कोविडच्या दुसऱ्या लाटेत एक्मोवर होते. मशीन छान चाललं होतं, फुप्फुसं थोडी उघडायला लागली होती, आणि एका रात्री मेंदूत रक्तस्राव झाला. गेले.

मला डॉक्टरांवर आरोप करायचा नाही. ज्या रुग्णालयात होते त्याचं नावही घेणार नाही. पण आम्हाला रक्त पातळ करण्याच्या औषधाबद्दल आधी कोणी एक वाक्यही बोललं नव्हतं. संमतीच्या कागदावर सह्या घेतल्या, तो कागद इंग्रजीत होता, वाचायला वेळ नव्हता. आम्ही फक्त ऑक्सिजनचा आकडा विचारत राहिलो, कारण तेवढाच माहीत होता. धोका माहीत असता तर वाचले असते असं नाही, ते मला कळतं. पण सासूबाई अजून विचारतात की फुप्फुसं सुधारत होती तर डोक्याचं मधेच काय निघालं, आणि ते मशीनच्याच उपचाराचा भाग होतं हे त्यांना आज पटवणं फार जड जातं. ज्यांच्या घरचं माणूस मशीनवर आहे त्यांना हे पहिल्याच दिवशी, मराठीत, बसवून सांगायला हवं.

डॉ. निशिगंध
रानजाई, फार वाईट वाटलं. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि मी माझ्या युनिटमध्ये हे सांगणार आहे. मेंदूतला रक्तस्राव ही एक्मोतली सर्वांत भयंकर गुंतागुंत आहे आणि ती आकडे उत्तम असतानाही होते.

याचं एक कारण कमी बोललं जातं. पंपाच्या वेगात व्हॉन विलेब्रँड नावाच्या लांबलचक रेणूंचे तुकडे होतात. प्लेटलेटला जखमेवर चिकटवून धरणारा तो रेणू. एक्मोवरच्या जवळपास प्रत्येक रुग्णात तो काही तासांत बिघडतो, आणि एसीटी, एपीटीटी, अँटी-टेन-ए यांपैकी एकातही हे दिसत नाही. मशीन काढल्यावर लवकरच पूर्ववत होतं.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत हेपरिन कमी ठेवण्याकडे कल आहे. २०१८ मध्ये आलेल्या इओलिया नावाच्या, रुग्णांवर केलेल्या अभ्यासात व्हीव्ही एक्मोसाठी एपीटीटी ४० ते ५५ च ठेवला होता. रक्तस्राव असेल तर हेपरिन काही तास, कधी काही दिवस बंदही ठेवतात.

पंपवाला
बंद ठेवायला माझी ना नाही, पण मग प्रवाह मोठा हवा, तीन लिटरच्या खाली नको. संथ रक्त आणि हेपरिन नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की रात्र जागून काढायची. व्हीव्हीत गुठळी सुटली तर फुप्फुसात जाते, व्हीएत सुटली तर थेट मेंदूकडे किंवा पायाकडे. व्हीएत मी हेपरिन बंद करायला सहजी तयार होणार नाही.

माळरान
टीईजीबद्दल कोणी बोललं नाही. आमच्या मेडिकल कॉलेजला नव्हतं, फक्त पुस्तकात वाचलंय.

लॅबवाली माई
छोट्या पेल्यात रक्त, त्यात टाचणीसारखी सळई, आणि गुठळी घट्ट होत जाईल तसा कागदावर आलेख रुंदावतो. १९४८ मध्ये जर्मनीत हार्टर्ट यांनी शोधलं. गोठायला कधी सुरुवात झाली, गुठळी किती मजबूत झाली, लवकर विरघळतेय का, तिन्ही एकाच आलेखात. एकाच रक्ताचे दोन पेले लावता येतात, एकात हेपरिन नष्ट करणारं एन्झाइम घालून. दोन्ही आलेख सारखेच लांबलेले आले तर दोष हेपरिनचा नाही, रक्तातच माल नाही. अनुजाच्या भावासाठी उपयोगी पडू शकेल, पण सगळीकडे नसतं.

अनुजा_के
सगळ्यांचे मनापासून आभार. रानजाई, तुमचा प्रतिसाद वाचून मी वहिनीला शेजारी बसवलं आणि डोक्यातल्या रक्तस्रावाचा धोका स्वतः सांगितला. ती रडली, पण म्हणाली की मला हे माहीत असायलाच हवं होतं.

आज डॉक्टर भेटणार आहेत. नेमकं काय विचारू? मोजकंच सांगा, त्यांचा वेळ खायचा नाहीये.

डॉ. निशिगंध
आकडा विचारू नका, दिशा विचारा. कालपेक्षा फायब्रिनोजेन, प्लेटलेट, डी-डायमर कुठे चाललेत. अँटी-टेन-ए कमी येताना प्लाझ्मा गुलाबी किंवा पिवळा होता का. ऑक्सिजनेटर कधी बदलणार, आणि बदलताना किंवा नंतर हेपरिनचं काय करणार. आणि रक्त, प्लेटलेट, क्रायो (फायब्रिनोजेन भरून काढणारा रक्तघटक) यांची सोय करायची आहे का. शेवटचं आजच विचारा, त्यात तुमची खरी मदत होते.

सातासमुद्रापार
+१. आणि नर्सला विचारा, बाहुल्या ठीक आहेत ना. तिला बरं वाटेल की कोणीतरी तिच्या कामाची विचारपूस केली.

अनुजा_के
अपडेट देते. डी-डायमर एका रात्रीत आणखी चढला, फायब्रिनोजेन १२० वर आलं, म्हणून काल संध्याकाळी पूर्ण सर्किटच बदललं. प्लाझ्मा गुलाबी होता, म्हणून अँटी-टेन-एवर हेपरिन वाढवलं नाही, उलट नाकाच्या रक्तामुळे काही तास बंद ठेवलं. हेपरिनच्या प्रतिपिंडांची चाचणी आधीच झालेली आहे, निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, तुम्ही बरोबर प्रश्न विचारताय, कुणी शिकवलं?

आज सकाळी फायब्रिनोजेन २१०. डी-डायमर उतरायला लागलाय. नाकातला कापूस अजून आहे पण नवीन रक्त नाही.

पंपवाला
वा! सर्किट बदलल्यावर असं झालं म्हणजे सामान तिकडेच खर्च होत होतं. बदलण्याचं काम कसं असतं ते वहिनींना सांगा, त्यांना काल धास्ती वाटली असेल. नवीन सर्किट आधीच सलाइनने भरून, एकेक बुडबुडा ठोकून काढून तयार ठेवतात. मग सगळ्यांचे हात जागेवर, मोजून क्लॅम्प लावायचे, नळी कापायची, दोन्ही तोंडांवर सलाइनची धार धरून हवा न शिरता जोडायचं आणि पंप सुरू. तेवढा वेळ व्हेंटिलेटर वाढवलेला असतो. आम्ही आदल्या दिवशी रिकाम्या नळ्यांवर सराव करतो.

पुढचे दोन दिवस लक्ष ठेवायचं ते नव्या ऑक्सिजनेटरवर नाही, प्लेटलेटवर. नवं प्लास्टिक पहिल्यांदा थोड्या प्लेटलेट खातंच. उद्या आकडा जरा खाली आला तर घाबरू नका.

लॅबवाली माई
अनुजा, भावाचा रक्तगट कुठला? सिंगल डोनर प्लेटलेटसाठी दादर-परळ भागात येऊ शकणारे दोघंतिघं माझ्या ओळखीत आहेत. व्यनि कर. दात्याने तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको आणि रिकाम्या पोटी यायचं नाही, एवढं सांगून ठेव.

अनुजा_के
माई, बी पॉझिटिव्ह. व्यनि केला आहे.